हृदयरोगाचे संशोधन : प्रश्न कोणाचा, माहिती कोणाची

रक्तदाब, कोलेस्टेरॉल, धूम्रपान आणि वय यांची बेरीज-वजाबाकी करून पुढच्या दहा वर्षांतला हृदयविकाराचा धोका सांगता येतो, ही गोष्ट आता डॉक्टरांच्या आणि रुग्णांच्याही अंगवळणी पडली आहे. या गणिताचा पाया अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समधल्या फ्रेमिंगहॅम या एका गावात घातला गेला. १९४८ साली तिथल्या ५,२०९ स्त्री-पुरुषांची तपासणी सुरू झाली, वर्षानुवर्षे त्यांच्यावर लक्ष ठेवले गेले आणि त्या नोंदींतून निघालेली सूत्रे जगभरच्या दवाखान्यांत पोहोचली. हे गाव जवळजवळ सगळे गोऱ्यांचे होते. सूत्र वापरताना याची आठवण फारशी कोणी ठेवली नाही. ऑस्ट्रेलियातल्या एका दुर्गम आदिवासी वस्तीत हेच सूत्र पडताळून पाहिले, तेव्हा प्रत्यक्षात झालेले हृदयविकार सूत्राच्या अंदाजाच्या सुमारे अडीच पट निघाले. २००५ साली हे निष्कर्ष छापून आले. तरुण स्त्रियांच्या बाबतीत तर तफावत याहून कितीतरी मोठी होती. म्हणजे सूत्रावर विसंबलेला डॉक्टर ज्या बाईला ‘तुम्हाला इतक्यात काळजी नाही’ असे सांगेल, तिलाच खरा धोका होता. इथे कोणाचा हेतू वाईट नव्हता. ज्यांच्यासाठी गणित वापरायचे ते लोक गणित मांडताना हजर नव्हते, एवढेच झाले होते.

आदिवासी समाजांना हृदयरोगाच्या संशोधनात सामील करून घ्यावे, असे आता सगळेच म्हणतात. निधी देणाऱ्या संस्था म्हणतात, विद्यापीठे म्हणतात, वैद्यकीय नियतकालिके म्हणतात. पण हे म्हणताना सूर बहुधा सौजन्याचा असतो, नाहीतर जुन्या अन्यायाच्या भरपाईचा. गेल्या तीन-चार दशकांचा अनुभव एकत्र ठेवून पाहिला तर मला त्यातून अधिक कडक निष्कर्ष निघताना दिसतो. समाजाचा सहभाग ही संशोधन बरोबर येण्याची अट आहे. कागदावर सही-अंगठा घेऊन किंवा सल्लागार समितीत एक खुर्ची देऊन ती अट पुरी होत नाही. कोणता प्रश्न विचारायचा आणि जमा झालेल्या माहितीचे काय करायचे, या दोन ठिकाणी समाजाचा हात असला तरच ती पुरी होते.

या विधानाला सगळ्यात भक्कम आधार अमेरिकेतल्याच ‘स्ट्राँग हार्ट स्टडी’चा आहे. १९८८ साली अमेरिकी सरकारच्या हृदयरोगविषयक राष्ट्रीय संस्थेच्या निधीतून हा अभ्यास उभा राहिला. अ‍ॅरिझोना, ओक्लाहोमा आणि उत्तर व दक्षिण डकोटा या भागांतल्या तेरा आदिवासी समाजांतले ४५ ते ७४ वयाचे ४,५४९ लोक त्यात आले. तोवर मूळ अमेरिकी लोकांना हृदयविकार कमी होतो असा सर्वसाधारण समज होता. मृत्यूच्या जुन्या नोंदी तसे सुचवत होत्या, आणि त्या नोंदी कशा झाल्या होत्या हे कोणी खोदून पाहिले नव्हते. १९९९ साली आलेल्या निष्कर्षांनी तो समज मोडीत काढला. या समाजांतले हृदयविकाराचे प्रमाण त्या काळच्या दुसऱ्या एका मोठ्या अमेरिकी अभ्यासातल्या प्रमाणाच्या जवळजवळ दुप्पट होते. पुरुषांमधल्या ५६ टक्के आणि स्त्रियांमधल्या ७८ टक्के घटना मधुमेह असलेल्यांत घडल्या होत्या. २००६ साली याच माहितीवरून या समाजांसाठी धोक्याचे वेगळे गणित तयार झाले आणि त्यात लघवीतून जाणाऱ्या प्रथिनाला, म्हणजे मूत्रपिंडाच्या इजेच्या खुणेला, जागा मिळाली. फ्रेमिंगहॅमच्या गणितात ती नव्हती, कारण फ्रेमिंगहॅमला तिची तशी गरज भासली नव्हती.

एवढ्यावर कोणी म्हणेल की हा फक्त नमुना कोणाचा घ्यायचा याचा प्रश्न झाला. आदिवासींचा नमुना घेतला की काम भागले. स्ट्राँग हार्टची घडण पाहिली की हे म्हणणे टिकत नाही. तिथे प्रत्येक जमातीची मंजुरी घेऊनच काम सुरू झाले. तपासणी करणारे, घरोघर जाणारे कर्मचारी त्याच समाजांतून घेतले गेले. निबंध छापायला पाठवण्याआधी तो जमातींच्या नजरेखालून जातो. तीन दशकांहून अधिक काळ एवढी माणसे, पुढे त्यांची मुले-नातवंडेसुद्धा, तपासणीला येत राहिली ती या घडणीमुळे. दीर्घकालीन अभ्यासात मधेच गळून गेलेली माणसे हा चुकांचा एक मोठा स्रोत असतो, त्यामुळे विश्वास हा इथे थेट आकड्यांच्या अचूकतेचा भाग होतो. १९८९ ते १९९१ दरम्यान घेऊन जपून ठेवलेल्या लघवीच्या नमुन्यांत पुढे आर्सेनिक मोजले गेले आणि २०१३ साली दाखवून देता आले की पिण्याच्या पाण्यातल्या तुलनेने कमी आर्सेनिकचाही हृदयरोगाशी संबंध आहे. मग डकोटातल्या खासगी विहिरींचे पाणी पिणाऱ्या घरांत गाळणी बसवण्याचा प्रयोग त्याच समाजांबरोबर हाती घेतला गेला. रोगाची मोजदाद करायला आलेला अभ्यास विहिरीच्या पाण्यापर्यंत पोहोचला. नमुने घेऊन परागंदा होणाऱ्या संशोधकाला हा रस्ता कधीच सापडला नसता.

नमुने घेऊन निघून गेलेल्यांची उदाहरणेही अमेरिकेतली आणि शेजारच्या कॅनडातली आहेत. ग्रँड कॅन्यनच्या तळाशी राहणाऱ्या हावासुपाई जमातीने १९९० च्या सुमारास अ‍ॅरिझोना स्टेट युनिव्हर्सिटीच्या संशोधकांना रक्त दिले, ते मधुमेहाने आपल्या माणसांचे हाल होत आहेत म्हणून. पुढे त्याच रक्तावर स्किझोफ्रेनिया, आपसातली लग्ने आणि त्यांचे पूर्वज कुठून आले या विषयांवर संशोधन झाले. हे जमातीला कळले ते २००३ साली, जमातीतल्या कार्लेटा टिलूसी विद्यापीठातल्या एका प्रबंधाच्या सादरीकरणाला जाऊन बसल्या तेव्हा. आपले मूळ आपल्याला या दरीनेच दिले असे मानणाऱ्या लोकांना, तुमचे पूर्वज आशियातून चालत आले, हे त्यांच्याच रक्ताच्या आधारे आणि त्यांना न विचारता सांगितले जात होते. खटला चालला, २०१० साली ४१ जणांना मिळून सात लाख डॉलर भरपाई मिळाली आणि उरलेले रक्त परत आले. कॅनडात नू-चा-नुल्थ लोकांचे संधिवातासाठी घेतलेले रक्त असेच देशोदेशी फिरून २००४ साली परतले. हा सगळा जुना इतिहास आहे असे म्हणण्याचीही सोय नाही, आणि अविश्वासाची कारणे दवाखान्यांतही घडत राहतात. २८ सप्टेंबर २०२० रोजी क्वेबेक प्रांतात जोलिएत इथल्या रुग्णालयात जॉईस एशाक्वान ही अतिकामेक समाजातली ३७ वर्षांची, सात मुलांची आई वारली. मरण्याआधी तिने स्वतःच्या फोनवरून थेट प्रक्षेपण केले होते आणि खाटेजवळचे कर्मचारी तिला काय काय बोलत होते ते जगाने ऐकले. मृत्यू फुप्फुसात पाणी भरून झाला. प्रांताच्या मृत्यू-अन्वेषकाने पुढच्या वर्षी अहवालात नोंदवले की वंशभेद आणि पूर्वग्रह यांचा या मृत्यूला हातभार लागला. छातीत कळ आली तरी दवाखान्याची पायरी न चढणारा माणूस अडाणी आहे असे गृहीत धरून बेतलेले संशोधन अशा ठिकाणी पहिल्याच पावलाला चुकते.

ब्रिटिश कोलंबियाच्या उत्तरेकडच्या गिट्सान समाजातले काम मला या संपूर्ण विषयातले सर्वांत बोलके उदाहरण वाटते. तिथे काही घराण्यांत तरुण माणसे अचानक कोसळण्याचे, घेरी येण्याचे प्रकार होत होते. ‘लाँग क्यूटी’ नावाचा हा आनुवंशिक विकार आहे. प्रत्येक ठोक्यानंतर हृदयाला पुढच्या ठोक्यासाठी विद्युतदृष्ट्या सज्ज व्हायला जास्त वेळ लागतो, आणि धावपळीत किंवा भीतीच्या क्षणी ठोक्यांचा ताल बिघडून जीव जाऊ शकतो. फिट समजून वर्षानुवर्षे भलतेच औषध चालू राहावे, असाही हा आजार आहे. डॉक्टर लॉरा आर्बर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी समाजाबरोबर काम करून यामागचा जनुकीय बदल शोधला आणि २००८ साली तो प्रसिद्ध केला. गिट्सान समाज आईकडून चालणाऱ्या घराण्यांत बांधलेला आहे. कोण कोणाचे, हे तिथल्या ज्येष्ठांना पिढ्यान्‌पिढ्यांचे तोंडपाठ असते. आनुवंशिक आजारात वंशवेल हाच अर्धा पुरावा असतो आणि तो पुरावा प्रयोगशाळेत मिळत नाही. शिवाय इथे निदानाला लगेच अर्थ होता. साधा ईसीजी, वर्षानुवर्षे वापरातली स्वस्त बीटा-ब्लॉकर औषधे आणि टाळायच्या औषधांची यादी, एवढ्यावर माणूस वाचू शकतो. आर्बर यांनीच २००६ साली, एका सहलेखिकेबरोबर, मांडलेली कल्पना अशी की समाजाने दिलेला डीएनए हा संशोधकाला उसना दिलेला असतो. तो सांभाळायचा, ठरलेल्या कामालाच वापरायचा आणि नव्या कामासाठी पुन्हा विचारायचे. हावासुपाईंच्या बाबतीत नेमके हेच झाले नव्हते.

या अनुभवांतून नियमही बनले. कॅनडातल्या ‘फर्स्ट नेशन्स’ म्हणवणाऱ्या मूळ समाजांनी १९९८ साली आपल्या माहितीची मालकी, तिच्यावरचे नियंत्रण, ती पाहण्याचा हक्क आणि ती प्रत्यक्ष ताब्यात असणे ही चार तत्त्वे मांडली. २०१० साली कॅनडाच्या राष्ट्रीय संशोधन-नीतीत आदिवासी समाजांबरोबरच्या संशोधनावर स्वतंत्र प्रकरण आले. दक्षिण आफ्रिकेतल्या सान लोकांनी २०१७ साली स्वतःची संहिता जाहीर केली. नियम चांगले आहेत. मात्र नियम झाले म्हणजे संशोधनाचा प्रश्न बदलला असे होत नाही, आणि खरे पाणी तिथेच मुरते.

उत्तर ऑस्ट्रेलियातला संधिवाताचा हृदयरोग याचे उदाहरण आहे. लहान वयात घशाला किंवा त्वचेला होणाऱ्या जंतुसंसर्गातून तो सुरू होतो, झडपा निकामी करतो, आणि त्या देशात तो जवळजवळ संपूर्णपणे आदिवासी मुलांचा आजार होऊन बसला आहे. तो पुन्हा उसळू नये म्हणून तीन ते चार आठवड्यांनी पेनिसिलिनचे इंजेक्शन वर्षानुवर्षे घ्यावे लागते. इंजेक्शन जाड, दुखरे. मुले रडतात, पळतात, आया तारखा टाळतात. संशोधनाची भाषा बरीच वर्षे ‘रुग्ण डोस चुकवतात’ अशी होती, म्हणजे दोष रुग्णाच्या माथी. आजार स्वतः सोसलेल्या लोकांचा ‘चॅम्पियन्स फॉर चेंज’ हा गट या कामात आला आणि २०२० च्या राष्ट्रीय मार्गदर्शिकेतही त्यांचा आवाज पोहोचला. वेदना कशी कमी करायची, मुलाशी त्याच्या भाषेत कोण बोलणार, वाढत्या वयाच्या मुलीला सुई कोणी टोचायची, हे आता उपचाराचेच प्रश्न मानले जातात. लोकांना मोकळेपणी विचारले की ते इंजेक्शनच्याही मागे जातात, म्हणजे एका खोलीत दाटीने झोपणारी माणसे, बंद पडलेले नळ, कपडे धुण्याची सोय यांकडे. हृदयरोगतज्ज्ञाला हे आपले क्षेत्र वाटत नाही. रोगाचे मूळ मात्र तिथेच आहे.

प्रश्न बदलला की उपायही बदलतो. हवाईमधल्या ‘काहोलो’ प्रयोगात रक्तदाब आटोक्यात नसलेले २६३ मूळ हवाईयन लोक होते. निम्म्यांना सहा महिने हुला हे पारंपरिक नृत्य शिकवले गेले, तेही त्या परंपरेतल्या गुरूंकडून. सहा महिन्यांनी नृत्य शिकलेल्यांचा वरचा रक्तदाब सरासरी १५.३ ने उतरला होता, तर न शिकलेल्यांचा ११.८ ने. दोन्ही गटांना रक्तदाबाविषयीचे शिक्षण मिळाले होते, म्हणून दुसऱ्या गटातही घट दिसते. साडेतीन अंकांचा फरक कोणाला किरकोळ वाटेल. लोकसंख्येच्या पातळीवर एवढ्या फरकानेही पक्षाघात आणि हृदयविकार कमी होतात. शिवाय नृत्याला संगत आहे, गुरू आहे, सणवार आहेत. व्यायाम करा असे सांगणाऱ्या चिठ्ठीला यातले काहीच नसते.

आता आक्षेपांकडे. सगळ्यात गंभीर आक्षेप असा की समाजाच्या हाती निबंध रोखण्याचा अधिकार दिला तर नकोसे निष्कर्ष दाबले जातील आणि विज्ञान स्वतंत्र राहणार नाही. स्ट्राँग हार्टने मधुमेह, मूत्रपिंड, आर्सेनिक असे कोणालाही आवडणार नाहीत असे निष्कर्ष वर्षानुवर्षे छापले आहेत, हे पहिले उत्तर. दुसरे उत्तर अलास्कातल्या बॅरो गावाने १९७९ च्या दारूविषयक अभ्यासातून दिले आहे. त्याचे निष्कर्ष हजारो मैलांवर फिलाडेल्फियात पत्रकारांपुढे मांडले गेले, एक अख्खा समाज दारूत बुडाल्याची बातमी देशभर झाली, आणि संतापाच्या लाटेत मूळ समस्येवरचे काम मागे पडले. आधी समाजाबरोबर बसून अर्थ लावला असता तर निष्कर्ष दुबळे झाले नसते, उलट त्यांना संदर्भ मिळाला असता. तिसरी गोष्ट, औषध कंपन्यांच्या पैशांवर चाललेल्या प्रयोगांत माहिती कंपनीच्या ताब्यात राहते आणि करारात प्रसिद्धीवर अटीही असतात. तिथे विज्ञानाचे स्वातंत्र्य फारसे कोणाला आठवत नाही. माहितीचा ताबा एखादी जमात मागते तेव्हाच आठवते. तरीही किंमत मोजावी लागते हे मान्य केले पाहिजे. स्ट्राँग हार्टमधल्या एका जमातीने पुढे संमती काढून घेतली, तेव्हा तिच्या लोकांची माहिती नंतरच्या विश्लेषणांतून बाजूला झाली आणि संख्या घटली. ते नुकसान खरे आहे. पण ज्या अधिकारातून बाहेर पडता येते त्याच अधिकारामुळे बाकीच्या जमाती आत राहिल्या आहेत.

समाज म्हणजे कोण, हा आक्षेप आपल्याला जास्त जवळचा आहे. पाटील, सरपंच, आश्रमशाळेचे अधीक्षक, की त्या वस्तीतल्या बाया? तेव्हा आंध्रात असलेल्या खम्मम जिल्ह्यात २००९ साली आदिवासी मुलींवर एचपीव्ही लसीचा प्रकल्प राबवला गेला, तेव्हा अनेक संमतिपत्रांवर वसतिगृहाच्या वॉर्डनच्या सह्या होत्या. २०१० साली प्रकल्प थांबवला गेला आणि २०१३ साली संसदेच्या स्थायी समितीने त्यावर कडक ताशेरे ओढले. सामूहिक संमतीच्या नावाखाली मुलीची आणि तिच्या आईबापांची संमतीच गायब झाली होती. म्हणून माझ्या मते मर्यादा अशी असावी : समाज सगळ्यांच्या वतीने ‘नाही’ म्हणू शकतो, पण कोणा एकाच्या वतीने ‘हो’ म्हणू शकत नाही. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वे या दिशेने जातात. आदिवासींवरचे संशोधन त्यांच्या लाभाचे असेल तरच करावे, समाजप्रमुखांची परवानगी घ्यावी आणि प्रत्येक व्यक्तीची संमतीही घ्यावी, असे ती सांगतात. जमा झालेली माहिती समाजाच्या हाती राहावी, ही मागणी मात्र अजून तिथे पोहोचलेली नाही.

पुरावा तोकडा आहे, हा आक्षेप अंशतः बरोबर आहे. सहभागाने विश्वास वाढतो, माणसे टिकून राहतात, प्रश्न सुधारतात, हे दाखवता येते. सहभागामुळे इतके हृदयविकार टळले असे दाखवणारे प्रयोग फार थोडे आहेत. मॉन्ट्रियलजवळच्या काहनावाके या मोहॉक वस्तीत १९९४ पासून शाळांमधून मधुमेह रोखण्याचा प्रकल्प चालला. समाजाची स्वतःची संशोधनसंहिता, स्वतःचे सल्लागार मंडळ, सगळे आदर्श होते. मुलांच्या शरीरातल्या चरबीबाबत सुरुवातीला दिसलेला फायदा काही वर्षांनी टिकला नाही. हे निष्कर्ष समाजाने छापू दिले आणि काम बंद न करता पुढे चालू ठेवले. बाहेरून आलेला प्रकल्प असता तर अशा निकालानंतर निधीबरोबर तोही गेला असता. वेळ आणि पैसा फार लागतो, अशीही तक्रार असते; तिचे उत्तर निधीच्या रचनेत शोधावे लागेल. तीन वर्षांच्या अनुदानात पहिले वर्ष ओळखी होण्यात जाते, म्हणून ते वर्ष फुकट गेल्याचे धरले जाते. ते संशोधनाचेच वर्ष मानून त्याला पैसे द्यायला हवेत.

आपल्याकडे २०११ च्या जनगणनेनुसार अनुसूचित जमातींचे १०.४ कोटी लोक आहेत, देशाच्या ८.६ टक्के. सातशेहून अधिक जमाती राष्ट्रीय पाहण्यांच्या तक्त्यात एकाच रकान्यात बसवल्या जातात. त्या रकान्यात कातकरी, भिल्ल, माडिया गोंड यांच्या हृदयाचे काय होते ते दिसत नाही. आदिवासींना कुपोषण आणि हिवताप होतो, रक्तदाब हा शहरी लोकांचा आजार, असा समज आपल्या आरोग्यव्यवस्थेत मुरलेला आहे. अमेरिकेत १९८८ च्या आधी होता तसाच. गडचिरोलीत ‘सर्च’ या संस्थेने ८६ गावांत मृत्यूंची कारणे घरोघर विचारून शोधली, तेव्हा १,५९९ मृत्यूंपैकी २२९, म्हणजे १४.३ टक्के, पक्षाघाताने झाल्याचे आढळले. कोणत्याही दुसऱ्या एका कारणाने इतके मृत्यू झाले नव्हते. ही सगळी गावे आदिवासी नव्हती, पण जिल्ह्याविषयीची समजूत बदलायला तो आकडा पुरेसा होता. त्याच संस्थेचे रुग्णालय लोकांना विचारून आदिवासी गावासारखे बांधले गेले आणि त्याला दंतेश्वरीचे नाव मिळाले, हेही त्या संशोधनापासून वेगळे काढता येत नाही. घरातला मृत्यू कसा झाला हे लोक अनोळखी माणसाला सांगत नाहीत.

कॅनडातल्या फर्स्ट नेशन्सना माहितीच्या ताब्यासाठी नवी चौकट उभारावी लागली. आपल्याकडे ती जागा ग्रामसभेच्या रूपात तयार आहे. १९९६ च्या पेसा कायद्याने आणि २००६ च्या वनहक्क कायद्याने अनुसूचित क्षेत्रातल्या ग्रामसभेला जमीन, जंगल आणि गौण वनोपज यांबाबत बोलण्याचा कायदेशीर अधिकार दिला आहे. गडचिरोलीतले मेंढा-लेखा गाव अभ्यासगट चालवते, तिथे एखाद्या विषयावर महिनोन्‌महिने चर्चा होते आणि निर्णय सर्वसहमतीने होतो. तेंदूपत्त्याचा लिलाव आणि बांबूचा दर ठरवणाऱ्या ग्रामसभेला आपल्या लोकांच्या रक्ताच्या नमुन्यांचा करार वाचता येणार नाही असे मानायला काहीच कारण नाही. तो करार मराठीत, गोंडीत, भिलीत तिच्यापुढे ठेवणे, नमुने कुठे राहतील आणि किती वर्षे, हे त्यात लिहिणे आणि निबंध छापण्याआधी गावात येऊन निष्कर्ष मांडणे, एवढे तरी पुढच्या प्रत्येक हृदयरोग-अभ्यासाच्या निधीच्या अर्जात सक्तीचे करता येईल. त्यासाठी नवा कायदा लागत नाही. निधी देणाऱ्या संस्थेचे एक परिपत्रक पुरेसे आहे.